रूनस्केपमधील प्रवेश आणि प्रगती : अनुभवांक, वेळ आणि जाणतेपण

संगणकांच्या जाळ्यावर सहस्रावधी माणसे एकाच वेळी एका कल्पित प्रदेशात वावरतात, तेथे लाकडे तोडतात, मासे धरतात, राक्षसांशी झुंजतात आणि एकमेकांशी सौदे करतात, ही गोष्ट आता नवलाची राहिलेली नाही. तथापि ह्या खेळांविषयी आपल्या विभागात जे बोलले जाते ते बहुधा दोन टोकांचे असते. एक पक्ष त्यांस निव्वळ कालापव्यय समजतो. दुसरा त्यांतील चित्रांच्या आणि कथांच्या गुणगानात रमतो. नवख्या माणसाने तेथे पहिले पाऊल कसे टाकावे, पुढे कशाच्या बळावर जावे, आणि मुळात 'पुढे जाणे' म्हणजे तेथे नेमके काय, ह्याची सरळ चिकित्सा मात्र क्वचितच आढळते. ती प्रस्तुत लेखात करण्याचा विचार आहे. त्यासाठी सर्व खेळांचा परामर्श न घेता 'ओल्ड स्कूल रूनस्केप' हा एकच खेळ निवडला आहे; एक तर तो मी स्वतः खेळलो आहे, आणि दुसरे असे की त्याची गणिते उघडी आहेत.

ह्या खेळांचे कूळ विद्यापीठातलेच आहे, हे प्रारंभीच सांगितले पाहिजे. १९७८ साली इंग्लंडातील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल ह्या दोघा विद्यार्थ्यांनी 'मड' नावाचा खेळ रचला. त्यात चित्र नव्हते. पडद्यावर केवळ शब्द उमटत, आणि खेळाडू शब्दांनीच आज्ञा देत. त्या पहिल्या खेळापासून त्याच नावाची पुष्कळ प्रजा झाली. केंब्रिजमध्ये शिकत असताना अँड्रू गोवर हा तरुण अशा खेळांच्या नादी लागला, आणि त्याने व त्याचा बंधू पॉल ह्याने मिळून घडविलेला 'रूनस्केप' ४ जानेवारी २००१ रोजी लोकांसमोर आला. पुढे त्याच्या चालक कंपनीने, म्हणजे जॅगेक्सने, त्यात इतके फेरफार केले की जुन्या खेळाडूंस तो परका वाटू लागला. तेव्हा २०१३ च्या प्रारंभी मतदान घेण्यात आले. सुमारे साडेचार लाख मते पडली. आणि ऑगस्ट २००७ मधील जपून ठेवलेली प्रत पुन्हा चालू करण्यात आली. तोच हा 'ओल्ड स्कूल' खेळ. एखाद्या ग्रंथाची जुनी आवृत्ती वाचकांच्या आग्रहावरून पुन्हा छापावी आणि पुढे तिच्यातही भर पडत जावी, तसा हा प्रकार आहे.

नवागताचे पात्र प्रथम एका बेटावर उतरते. तेथे एकेक गुरू त्यास हाती धरून शिकवितो : झाड तोडावे, चकमकीने जाळ करावा, कोळंबी धरून ती भाजावी, पीठ मळून पाव करावा, तांबे आणि कथील वितळवून कासे करावे व त्याचा खंजीर घडवावा, उंदीर मारावा, कोंबडीवर मंत्र टाकावा. ही पाठशाळा अर्ध्या तासात संपते, आणि तीत कोणतेही कौशल्य तिसऱ्या पातळीच्या वर नेता येत नाही. ती एकदा सोडली की परत जाता येत नाही. पात्र लंब्रिज नावाच्या गावी, एका गढीच्या आवारात उभे राहते, आणि पुढे काय करावे हे सांगणारा कोणीही उरत नाही. बेटावर साधनांचा परिचय होतो. निवड कशी करावी हे तेथे कोणी शिकवीत नाही. खरा प्रारंभ होतो तो ह्या एकाकी क्षणी. पुष्कळ नवखे खेळाडू येथूनच परत फिरतात, असा माझा तर्क आहे.

जे परत फिरत नाहीत त्यांनी गढीच्या मुदपाकखान्यात जावे. तेथील आचारी चिंतेत असतो : मालकाच्या वाढदिवसाचा केक करावयाचा आहे आणि अंडे, दूध, पीठ ह्यांपैकी काहीच हाताशी नाही. अशा नेमून दिलेल्या कामांस खेळाडू 'क्वेस्ट' म्हणतात. आपण 'कामगिरी' म्हणू. अंडे जवळच्या खुराड्यात मिळते. दुधासाठी बादली घेऊन गाईपाशी जावे लागते. पिठासाठी मात्र शेतातील गहू खुडून पवनचक्कीच्या माथ्यावर चढावे, धान्य वरच्या तोंडात टाकावे, दांडा ओढावा, आणि मग खाली उतरून रिकाम्या मडक्यात पीठ भरून घ्यावे. बक्षीस ३०० अनुभवांक. काम क्षुल्लक खरे. परंतु ह्या जगाची रीत त्यात पुरती प्रकट होते. येथे वस्तू आपोआप सिद्ध होत नाही. प्रत्येकीमागे कच्चा माल, हत्यार, स्थळ आणि चालण्याचे अंतर असते. चक्की कोठे आहे हे ज्यास ठाऊक आहे त्याचा वेळ, ज्यास ठाऊक नाही त्याच्या चतुर्थांश लागतो. दोघांच्याही पात्रांची पातळी मात्र एकच असते.

येथे दोन मर्यादा ध्यानात घ्यावयास हव्यात. पुढील सर्व विवेचन त्यांवर उभे आहे. पहिली झोळीची. पात्राच्या झोळीत २८ जागा असतात, अधिक नाहीत. कुऱ्हाड एक जागा घेते, मग ओंडक्यांस २७ उरतात. झोळी भरली की पेढीपर्यंत चालत जाऊन माल ठेवावा लागतो. म्हणून झाड किती मोलाचे आहे ह्याइतकेच ते पेढीपासून किती पावलांवर आहे, हेही महत्त्वाचे. दुसरी मर्यादा काळाची. ह्या जगातील प्रत्येक क्रिया ०.६ सेकंदाच्या ठोक्यावर घडते. खेळाडू त्यास 'टिक' म्हणतात. वाकडी तलवार, म्हणजे सिमिटार, चार ठोक्यांनी एकदा चालते. दोन्ही हातांनी पेलावयाची मोठी तलवार सात ठोक्यांनी. नवखा मनुष्य मोठ्या तलवारीच्या एका घावाचा आकडा पाहून भुलतो. जाणता ठोके मोजतो आणि सिमिटार उचलतो. (हा संथ ठोका आपल्याकडील खेळाडूंस उपकारकच आहे. परदेशातील दूरच्या यंत्राशी संपर्क साधताना होणारा किंचित विलंब त्यात खपून जातो.)

आता प्रगतीच्या गणिताकडे वळू. खेळात सध्या २४ कौशल्ये आहेत. त्यांपैकी १५ विनामूल्य खेळणाऱ्यास मिळतात, उरलेली वर्गणीदारांस. आरोग्य हे कौशल्य दहाव्या पातळीपासून आणि बाकीची पहिलीपासून सुरू होतात. प्रत्येकाचा शेवट ९९ व्या पातळीवर. प्रत्येक कृतीबद्दल ठराविक अनुभवांक मिळतात : ओकचा एक ओंडका ३७.५, विलोचा ६७.५, यू वृक्षाचा १७५. दुसऱ्या पातळीस अवघे ८३ अनुभवांक पुरतात. तिसाव्या पातळीस एकूण १३,३६३ लागतात. पन्नासाव्या पातळीस १,०१,३३३. सत्तराव्या पातळीस ७,३७,६२७. दर सात पातळ्यांनी ही बेरीज स्थूलमानाने दुप्पट होत जाते. ९२ व्या पातळीस ६५,१७,२५३ आणि ९९ व्या पातळीस १,३०,३४,४३१. म्हणजे ९२ वी पातळी ही अर्धी वाट होय.

हे वाचून वाचक कदाचित मान डोलावतील आणि पुढे जातील. माझ्या माहितीतील एका विद्यार्थ्याने ते मान डोलावण्यावर नेले नाही, म्हणून ती हकीकत येथे देतो. प्रबंधाचे अखेरचे प्रकरण लिहावयाचे राहिले असता त्याने मनाशी ठरविले की, लाकूडतोडीची ९९ वी पातळी एकदा गाठावी आणि मग निश्चिंत मनाने लेखनास बसावे. तो तेव्हा ९१ वर होता. 'सर, आता आठच राहिल्या,' असे त्याने मला सांगितले. आम्ही कागद पुढे ओढला. ९१ व्या पातळीस ५९,०२,८३१ अनुभवांक होतात. उरले ७१,३१,६००, म्हणजे एकूण बेरजेच्या निम्म्याहून अधिक. तासाला ४०,००० अनुभवांक धरले तरी हे काम १७८ तासांचे. रोज दोन तास दिले तर ८९ दिवस. त्याची मुदत त्याहून अलीकडे संपत होती. तो बराच वेळ त्या आकड्यांकडे पाहत बसला. त्याने आळस केला होता असे नाही. त्याला आकड्याने चकविले होते. पातळीच्या अंकाचा स्वभावच असा आहे की, तो मागच्या वाटेचे मोजमाप देतो आणि पुढच्या वाटेची लांबी झाकून ठेवतो. म्हणून कोणतेही लक्ष्य ठरविण्यापूर्वी उरलेल्या अनुभवांकांस तासाच्या गतीने भागून पाहावे, आणि आलेला भागाकार आपल्या दिनक्रमाशेजारी मांडावा. ह्या खेळात मला मिळालेला सर्वांत उपयुक्त धडा हाच आहे, आणि तो खेळाच्या बाहेर बसून मिळाला.

मग अंक म्हणजेच प्रगती नव्हे, तर प्रगती कशात? ह्याचे उत्तर एका कामगिरीच्या आधारे देता येईल. वर्गणीदारांसाठी 'वॉटरफॉल क्वेस्ट' नावाची एक कामगिरी आहे. बॅक्स्टोरियन नावाचा एल्फांचा राजा आणि ग्लॅरिअल ही त्याची राणी ह्यांच्या कथेवर ती रचलेली आहे. राणीच्या थडग्यात शस्त्र, चिलखत वा मंत्रशिला घेऊन प्रवेशच मिळत नाही. आत मात्र बलाढ्य राक्षस फिरत असतात. नवखा खेळाडू म्हणतो, आधी बळ वाढवू, मग जाऊ. जाणता पहिल्याच पातळीच्या पात्राला दोर आणि पुरेसे खाद्य देऊन पाठवितो. राक्षसांशी लढावयाचे नाहीच, त्यांच्यामधून धावत निसटावयाचे आहे, हे त्यास ठाऊक असते. ही कामगिरी तडीस गेली की आक्रमण आणि बळ ह्या दोन्ही कौशल्यांत प्रत्येकी १३,७५० अनुभवांक मिळतात, आणि दोन्ही एकदम तिसाव्या पातळीवर जातात. कोंबड्या आणि गाई मारीत तेथवर पोहोचावयास कित्येक तास गेले असते. बळ हे ज्ञानाचे फळ म्हणून आले. ज्ञानाची पूर्वअट म्हणून नव्हे. ओल्ड स्कूलमधील बहुतेक शहाणी वाटचाल ह्याच क्रमाने होते. नवख्याने निव्वळ पातळी वाढवीत बसण्यापेक्षा कामगिऱ्या कराव्यात, हा जो सर्वत्र दिला जाणारा उपदेश आहे, त्याचे मर्म येथे आहे.

लढाईविषयी थोडक्यात. हल्ल्याची जी शैली निवडलेली असेल त्याच कौशल्यात अनुभवांक जमा होतात. नवखा ती निवड विसरतो आणि सारे आक्रमणात साठत जाते, घावाचे बळ मात्र होते तेथेच राहते. शस्त्रेही पातळीने बांधलेली असतात : मिथ्रिल विसाव्या, ॲडमंट तिसाव्या, रून चाळिसाव्या पातळीस. मृत्यू आला तर पात्राजवळील सर्वांत मोलाच्या तीन वस्तू त्याच्यापाशी राहतात. उरलेल्या त्याच स्थळी थडग्यात ठेवल्या जातात आणि १५ मिनिटांच्या आत परत घेता येतात. मृत्यू येथे दंड आहे, अंत नव्हे.

व्यापाराचा भाग अधिक रोचक आहे. २०१५ साली खेळाडूंच्या मताने 'ग्रँड एक्स्चेंज' ही मध्यवर्ती पेठ ओल्ड स्कूलमध्ये आली. विकणाऱ्याने आपला भाव लिहून माल ठेवावा, घेणाऱ्याने आपला. जुळले की सौदा होतो, दोघांची गाठ पडावी लागत नाही. त्यामुळे प्रत्येक कृतीस दोन मोबदले आले : एक अनुभवांकांचा, एक नाण्यांचा, आणि ते सहसा एका दिशेने जात नाहीत. विलो तोडल्याने अनुभवांक झपाट्याने वाढतात, पण तिच्या ओंडक्यास भाव नाही. यू सावकाश तुटतो, परंतु त्याचे ओंडके खपतात. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांस संधित्यागाचा खर्च समजावून सांगण्यास ह्याहून सोपे उदाहरण मला सुचत नाही. आणखी एक नमुना पाहावा. जादूच्या ५५ व्या पातळीस एक किमया साध्य होते : एक निसर्गशिला आणि अग्नीच्या पाच शिला खर्चून कोणतीही विक्रीयोग्य वस्तू तिच्या नेमून दिलेल्या मूल्याच्या ६० टक्के नाण्यांत पालटता येते. ह्यामुळे पुष्कळ वस्तूंच्या भावास खालून आपोआप टेकू मिळतो. भाव त्याखाली उतरला की लोक ती विकत घेऊन आटवू लागतात. पण ही नाणी कोणा दुसऱ्याच्या थैलीतून येत नाहीत, ती शून्यातून निर्माण होतात. चलनवाढीचा प्रश्न तेथेही आलाच. २०२१ च्या डिसेंबरात पेठेतील विक्रीवर १ टक्का कर बसविण्यात आला, आणि २०२५ साली तो २ टक्के झाला. त्या करातील काही भागातून वस्तू विकत घेऊन त्या नष्ट केल्या जातात, म्हणजे मालाचाही महापूर होऊ नये. करातून आलेला पैसा माल जाळण्यासाठी वापरणारे सरकार अन्यत्र पाहावयास मिळणे कठीण!

माणसामाणसांतील सौदा मात्र पेठेबाहेरही होतो, आणि तेथे जपावे. माझ्या पहिल्याच महिन्यात एका अनोळखी खेळाडूने मोठ्या अदबीने सांगितले की, तो माझ्या चिलखतास सोन्याची कड लावून देईल. मी चिलखत त्याच्या हाती दिले, आणि तो अंतर्धान पावला. साध्या चिलखतास कड लावण्याची कलाच ह्या खेळात अस्तित्वात नाही, हे मला नंतर कळले. चोराने माझ्या पातळीचा नव्हे, माझ्या अज्ञानाचा फायदा घेतला. नकाशाच्या उत्तरेस, एक चर ओलांडला की, 'वाइल्डरनेस' नावाचे रान लागते. तेथे खेळाडू खेळाडूवर शस्त्र उचलू शकतो. रानात जितके खोल जावे तितके अधिक बलवान शत्रू हल्ल्यास पात्र ठरतात, कारण दोघांच्या युद्धपातळीतील अनुज्ञेय अंतर रानाच्या खोलीइतके असते. जे गमावल्याने झोप उडेल ते घेऊन तेथे जाऊ नये.

ह्याच रानाच्या पूर्व भागात हिरवे ड्रॅगन राहतात. त्यांची हाडे आणि कातडी पेठेत हटकून विकली जातात. व्हेनेझुएलातील अर्थव्यवस्था कोसळू लागल्यावर तेथील अनेक लोक ह्या ड्रॅगनांच्या मागे लागले. मिळालेली नाणी ते खेळाबाहेर खऱ्या पैशांत विकीत, आणि त्यातून होणारी प्राप्ती तेथील किमान वेतनाहून अधिक भरे. खेळाचे नियम असा विक्रय निषिद्ध मानतात. २०१७ साली काही खेळाडूंनी, अशा व्हेनेझुएलीय खेळाडूंना ओळखून कसे मारावे, ह्याची मार्गदर्शिकाच प्रसृत केली, आणि त्यावर मोठा वाद उसळला. नियम योग्य आहे असेच मला वाटते. बाहेरचा पैसा आत शिरला की आतला अंक निरर्थक होतो. परंतु एकाच ड्रॅगनासमोर उभ्या असलेल्या दोघांपैकी एक वेळ घालवीत आहे आणि दुसरा पोट भरीत आहे, हे ज्याने एकदा जाणले त्यास 'हा केवळ खेळ आहे' हे वाक्य पूर्वीच्या सहजतेने उच्चारता येणार नाही. एकाच कृतीचा अर्थ करणाऱ्याच्या परिस्थितीने पालटतो, हे आपल्या अभ्यासविषयास अपरिचित नाही.

मडच्या दोन कर्त्यांपैकी बार्टल ह्यांनी १९९६ साली एका निबंधात खेळाडूंचे चार प्रकार सांगितले : सिद्धी मिळविणारे, प्रदेश धुंडाळणारे, सहवास शोधणारे आणि इतरांस छळणारे. हे वर्गीकरण पुढे फार उद्धृत झाले. माझ्या मते नवख्यास त्याचा उपयोग आपला प्रकार ठरविण्यापेक्षा दुसऱ्याचा ओळखण्यात अधिक आहे. तोडलेली लाकडे तेथेच टाकून देऊन गप्पा मारीत बसलेला मनुष्य वेळ वाया घालवीत आहे, असे सिद्धिमार्गी खेळाडूस वाटते. तो मनुष्य कदाचित त्यासाठीच आलेला असतो.

ह्या जगाचे नियम कोणी ठरवावे, हा प्रश्नही खेळाडूंपुढे वारंवार येतो. ओल्ड स्कूलमधील बहुतेक मोठी भर मतदानाने ठरते. संमतीसाठी प्रथम ७५ टक्के मते आवश्यक होती, पुढे ही अट ७० टक्के करण्यात आली. नव्या कौशल्यांचे प्रस्ताव त्यामुळे २०१४, २०१५ आणि २०१९ साली पडले. नौकानयन हे कौशल्य तर आरंभी एप्रिल महिन्यातील थट्टा म्हणून पुढे आले होते. तेच २०२३ च्या मतदानात संमत झाले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये २४ वे कौशल्य म्हणून प्रत्यक्षात आले. सर्व कौशल्ये पूर्ण केलेल्यांची बेरीज तोवर २,२७७ होती. ती एका दिवसात २,३७६ पैकी अपुरी ठरली. ज्यांनी शिखर गाठले असे मानले होते त्यांस पुन्हा पहिल्या पातळीवर होडी वल्हवावी लागली, आणि बहुतेकांनी ती आनंदाने वल्हविली असे दिसते.

लंब्रिजच्या त्या आचाऱ्याकडेही पुन्हा यावे लागते. २००६ साली मूळ खेळात आलेली 'रेसिपी फॉर डिझॅस्टर' ही शंभरावी कामगिरी त्याच मुदपाकखान्यात सुरू होते. तिच्या अखेरच्या लढतीस १७५ कामगिरीगुण लागतात, आणि तत्पूर्वी प्रदेशाच्या कानाकोपऱ्यांतील इतर अनेक कामगिऱ्या पार पाडाव्या लागतात. अंडे आणि दूध आणून देणारे पात्र शेकडो तासांनंतर त्याच दारातून आत येते, तेव्हा चूल तीच असते; परंतु तळघर, चक्की, खुराडे, पेढी ही सर्व आता न पाहता सांगता येतात.

तो विद्यार्थी त्या दिवशी घरी गेला आणि खेळ बंद करून त्याने प्रकरण पुरे केले. ह्या खेळात मिळविलेली पातळी न खेळल्याने उतरत नाही, हे त्याने माझ्याकडून दोनदा खात्री करून घेतले होते. मौखिक परीक्षा झाल्यावर आठवड्याभराने त्याने पात्र पुन्हा उघडले. ते नदीकाठच्या विलोपाशी, ठेवले होते तेथेच उभे होते, आणि झोळीत २७ ओंडके होते. ते पेढीत ठेवण्यास तो निघाला.